गच्चीवरचा एरंड

१० जून

लॅबच्या वहीत तारीख, तापमान, अळ्या किती, मेल्या किती, एवढेच रकाने असतात. 'आज डोकं फिरलं' असं लिहायला तिथे जागा नाही. म्हणून ही दुसरी वही. हिच्यावर मार्गदर्शक मॅडमची सही लागत नाही.

तर आज डोकं फिरलं. लॅबच्या मागच्या मोकळ्या प्लॉटला सकाळी पत्रे ठोकले. इमारत होणार म्हणे. होऊ दे बापडी! पण त्या प्लॉटमध्ये एरंड माजला होता आणि माझ्या अळ्या एरंडाच्या पानांवर जगतात. कोबी, भुईमूग, तंबाखू, समोर येईल त्याचा फडशा पाडणारी ही अळी. तिच्या पोटात कोणते जीवाणू राहतात आणि तिथे काय उद्योग करतात, हे मी पाच वर्षं बघतेय. मुलगी बघायला आलेल्यांना सांगण्यासारखा विषय नाही, हे आई दर फोनला ऐकवते.

तीन प्रकरणांचा प्रबंध. दोन लिहून झाली. तिसरं कोरं. एकतीस डिसेंबरला मुदत संपते, आणि वाढवून मागायची तेवढी एकदा मागून झाली आहे. तिसऱ्याचा प्रश्न साधा आहे: अळीला रोगापासून वाचवणारा एखादा जीवाणू तिच्याच पोटात असतो का? उत्तर अजून माहीत नाही.

सुब्बा अण्णा म्हणाले, "मी गुम्मिडिपूंडीहून आणतो ना पानं, सकाळच्या गाडीने." बावीस वर्षं ते आमची कीटकखोली सांभाळतात. पण ते चेन्नईच्या बाहेर; तिथून इथवर येईतो पानं माना टाकणार. नको म्हटलं.

१२ जून

प्रश्न सुटला! आणि सोडवला कुणी, तर घरमालकिणीने.

चेन्नईतच, पश्चिम मांबलमला, विजयलक्ष्मी मामींच्या घरी वरच्या खोलीत मी राहते. घराणं मूळ तंजावरचं, घरात मराठी. त्यांची मराठी ऐकली की पणजोबांचं पत्र कुणी तमिळ सुरात वाचतंय असं वाटतं. मी परभणीची. पहिलं वर्षभर आम्ही एकमेकींना खुणेनेच जास्त समजलो.

"कां ग तोंड पाडून बसलीस? जेवण जाहलं का?"

मी एरंडाचं रडगाणं गायलं.

"अय्यो, येवढंच ना? माझ्या गच्चीवर आहेत की चौदा. जननीच्या बाळंतपणात शेकायला पानं लागत म्हणून लाविले, ते राहिलेच."

जननी म्हणजे त्यांची लेक. पेरुंगुडीला राहते, कंप्युटरवाली. मी गच्चीवर धावले. चौदा रोपं, पानं ही एवढाली, छिद्र नाही की डाग नाही. खाली येऊन पहिला प्रश्न विचारला, कारण शेवटी मी शास्त्रज्ञ आहे: "मामी, यांच्यावर औषध मारत नाही ना?"

"छे! औषध? माझ्या घरात?"

मग झालं तर. बाजारची पानं आम्ही जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवतो, आणि मग तो वास आला की अळ्या तोंड फिरवतात. ही घरची पानं. नुसती नळाखाली धुतली तरी पुष्कळ.

२० जून

काही विशेष नाही. अळ्या खातायत. सकाळी पानं तोडायला गेले तेव्हा मामी गच्चीवरून उतरत होत्या, हातात ताकाचा तांब्या. उरलेलं ताक मला प्यायला लावलं. आंबट ढॅण. पण त्या उन्हात बरं वाटलं.

५ जुलै

दरवर्षी जुलैत कीटकखोलीत रोग येतो. अळी सुस्तावते, काळी पडते, पिशवीसारखी लोंबते. आज आला. कार्तिकेयचे सगळे डबे गेले, तीनशे अळ्या. हा माझ्यापेक्षा दोन वर्षं मागे, बाजारची पानं वापरणारा, आणि नको तिथे नाक खुपसणारा. पण आज बिचाऱ्याचं तोंड बघवेना.

माझ्या डब्यांत दोनशे चाळीसपैकी मेल्या एकवीस.

एकवीस! तीनदा मोजल्या.

२७ जुलै

सापडला. वाचलेल्या अळ्यांच्या पोटात एकच जीवाणू ठासून भरलाय. बशीत वाढवला तर पांढऱ्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या वसाहती. झाकण उघडलं की आंबूस वास. कूळ दुधात, माणसात, किड्यांतही सापडतं तेच, त्यामुळे नवल नाही. नवल हे, की वाचलेल्या माद्यांनी घातलेल्या अंड्यांवरही तो आहे, आणि पिलांच्या पोटातही. म्हणजे आई मरताना लेकरांना शिदोरी बांधून देते!

मी खोलीत एकटी नाचले. कार्तिकेयने दारातून पाहिलं. पाहू दे मेल्याला.

जाताना विचारतो, "अंडी कुठे घातली होती?"

"पानावर. अजून कुठे घालणार, तुझ्या डोक्यावर?"

१४ ऑगस्ट

श्रीलक्ष्मी मॅडमनी आकडे तीनदा वाचले. चष्मा काढला. त्या चष्मा काढतात म्हणजे खूश असतात, हे कळायला मला पाच वर्षं लागली. म्हणाल्या, "लिही. आधी लेख, मग प्रकरण."

आईला फोन केला. "जीवाणू आईकडून पोरांना जातो, हे मी शोधलं."

आई म्हणाली, "त्यात काय शोधायचं? सगळं आईकडूनच जातं. तुझा तिरसटपणा तेवढा वडिलांकडचा."

३ सप्टेंबर

लेख धाडला. पद्धतीच्या भागात लिहिलं: 'कोणतीही फवारणी न केलेली, घरी वाढवलेली एरंडाची पाने.' मामींना वाचून दाखवलं. त्यांनी भिंतीवरच्या तसबिरींना हात जोडले आणि एक डबाभर सीडै, त्या तांदळाच्या तळलेल्या कुरकुरीत गोळ्या, दिल्या.

१३ ऑक्टोबर

परीक्षकांची पत्रं आली. दोघेही बरं म्हणतात! दुसऱ्याची एकच मागणी: 'अंडी पानांवरून काढून, धुऊन, पिलांना पूर्णपणे दुसऱ्या ठिकाणच्या पानांवर वाढवा. तरीही जीवाणू सापडला, तर तो आईकडून येतो हे सिद्ध होईल.'

हात्तिच्या! एवढंच? पंधरा दिवसांचं काम.

सुब्बा अण्णांना म्हटलं, आता आणा तुमची गुम्मिडिपूंडीची पानं. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली, अगदी ताजी. उगाच जूनमध्ये नको म्हटलं.

२८ ऑक्टोबर

शून्य.

साठ पिलं फोडली. एकाच्याही पोटात पांढरी वसाहत नाही. आणि रोग दिलेल्या दुसऱ्या साठही काळ्या पडल्या.

मी सुब्बा अण्णांवर ओरडले. म्हटलं, तुमच्या पानांवर काहीतरी मारलेलं होतं, कारखान्यांजवळची असतील, जंतू मेले. माझी तमिळ रागात आणखीच धेडगुजरी होते, पण त्यांना कळलं. डबे धुवायला लागले.

३१ ऑक्टोबर

सोबतच कोबीवर वाढवलेली पिलंही तपासली. शून्यच.

कार्तिकेय म्हणाला, "तू घरी जी पानं वापरतेस ना..."

"माझ्या घराच्या पानांना नावं ठेवू नकोस. तिथे औषधाचा थेंब जात नाही."

"मी औषध कुठे म्हटलं?"

मी ऐकलं नाही, दार आपटून निघून आले. आता लिहिताना वाटतंय, त्याचं वाक्य पुरं होऊ द्यायला हवं होतं.

२ नोव्हेंबर, रविवार

रविवार असून लवकर उठले आणि गच्चीवर गेले. मामी पाठमोऱ्या. हातात काच पुसायच्या औषधाची जुनी बाटली, दाबली की फुस्स करणारी. प्रत्येक एरंडापाशी थांबत होत्या, पान वर करून खालून दोन फुस्स, वरून दोन फुस्स, आणि तोंडाने स्तोत्र.

"मामी, हे काय?"

"ताक ग. आंबट ताक, त्यांत नारळाचं दूध. पाच दिवस मुरवून देत्यें. आठवड्यास दोनदा. कीड येत नाही, पान तजेलदार राहतं. आई शिकविली."

"तुम्ही म्हणालात औषध मारत नाही!"

"औषध कुठं? ताक आहे हे." मला वेड्यात काढल्यासारखं बघत त्यांनी पुढच्या पानाला दोन फुस्स दिले.

मी जिन्यात बसले. जूनपासून रोज त्या बाटलीजवळून जातेय. तेच ताक तर मी प्यायलेय.

३ नोव्हेंबर

खरं लिहायचं म्हणून ही वही आहे, तर लिहिते.

दिवसभर मनात एकच होतं: हे कुणालाच माहीत नाही. मामींना यातलं कळत नाही. मॅडम गच्चीवर येणार नाहीत. परीक्षकाला लिहायचं की दुसरी पानं मिळाली नाहीत, पुढच्या संशोधनात बघू. लोक लिहितात असं. लेख छापला जाईल, प्रकरण होईल, एकतीस डिसेंबरला मी सुटेन. पाच वर्षं झाली. आई थकली विचारून विचारून.

दुपारी सुब्बा अण्णांनी मला चहा आणून दिला. ज्यांच्यावर मी ओरडले त्यांनी. चहा तसाच निवला.

संध्याकाळी मामींकडून वाटीभर ताक मागून घेतलं. सांगितलं, कढी करायची आहे. खोटं बोलले. उद्या बशीत टाकते. निदान मला तरी कळायला हवं.

६ नोव्हेंबर

पांढऱ्या वसाहती. टाचणीच्या डोक्याएवढ्या. आंबूस वास. नुसत्या दिसण्यावर जायला नको, म्हणून अळीतला आणि ताकातला, दोन्हींच्या जनुकांची अक्षरं वाचायला नमुने पाठवलेत.

१२ नोव्हेंबर

दोन्ही एकच. अक्षर न् अक्षर जुळतं. माझ्या अळीचा वंशपरंपरागत जीवाणू हा मामींच्या ताकातला आहे. अंड्यांवर होता कारण अंडी त्या पानांवर होती. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

रडले. तोंड धुतलं. पुन्हा रडले. मग ठरवलं. खोट्यावर उभं राहिलेलं प्रकरण मला जन्मभर कुणीतरी वाचून दाखवणार, आणि दर वेळी मी त्या जिन्यात जाऊन बसणार. ते मला जमणार नाही. उद्या सांगते.

१३ नोव्हेंबर

मॅडमसमोर आधी दहा मिनिटं हवापाण्याचं बोलले. वादळ, पाऊस, रस्ते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "निधी, काय आहे?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. सगळं सांगितलं. दोन्ही नमुन्यांचे कागद पुढे ठेवले. म्हटलं, लेख मागे घेऊ या.

त्यांनी चष्मा काढला नाही. बराच वेळ कागद वाचत होत्या. मग म्हणाल्या, "पानं धुण्याची पद्धत मी तुला विचारायला हवी होती. विचारली नाही. पत्रावर दोघींची सही जाईल."

मी ओरडा खायला गेले होते. त्यांनी कागद पुन्हा उलटले.

"पण ताक पिऊन अळ्या रोगातून वाचल्या, हे तर खरं आहे?"

"हो."

"मग ते सिद्ध कर. एकतीस डिसेंबर बदलणार नाही. आज किती तारीख?"

"तेरा."

"अंड्यातून निघून कोषात जायला अळीला किती दिवस?"

"वीसेक."

"म्हणजे दोनदा बसतं. इथे काय उभी आहेस?"

दारात कार्तिकेय. ऐकत होता, अर्थात. म्हणाला, "मला वाटलंच होतं पानांचं." एक चापट द्यावीशी वाटली. मग म्हणाला, "कुठल्या डब्यात काय आहे ते तुला माहीत नसलं पाहिजे. चिठ्ठ्या मी लावतो, मोजणी तू कर." बरोबर होतं त्याचं. तेही तोंडावर सांगितलं. दोघांनाही सवय नसल्याने विचित्र वाटलं.

१४ नोव्हेंबर

सकाळी सुब्बा अण्णांची माफी मागितली. म्हणाले, "बावीस वर्षं पानं आणतोय अम्मा. कुठली आहेत एवढं एकदा विचारायचंस. आमच्या परसातली आहेत. बायको रोज पाणी घालते." मी मान खाली घातली. म्हटलं, उद्यापासून तीच पानं हवीत, रोज. म्हणाले, आणतो.

मग मामींना सांगायचं होतं. सोप्या शब्दांत सांगितलं की ताकातले जीवाणू पानावर बसले, पानातून अळीच्या पोटात गेले, आणि मी भलतंच समजले. लेख मागे घेतला. आणि ते ताक अळीला मारत नाही, उलट रोगातून वाचवतं, असं दिसतंय.

"म्हणजे मी किड्यांस पाळिलें?" मामी हसल्या. मग हसू गेलं. "कागद मागें घेतलीस? पाच वर्षं केलीस तो?"

"एकच प्रकरण हो."

त्या आत निघून गेल्या.

१५ नोव्हेंबर

सकाळी गच्चीवर चौदा खड्डे. मामींनी सगळे एरंड उपटून कोपऱ्यात रचून ठेवलेत, मुळांसकट. दार लावून बसल्यात. रागच आला असणार. किड्यांना पाळलं म्हटल्यावर कुणाला येणार नाही? मला तोंड उचकटायची अक्कल नाही, हेच खरं.

१६ नोव्हेंबर

राग नव्हताच. मीच बैल.

संध्याकाळी स्वतः वर आल्या. मातीने नखं काळी, अजून निघाली नव्हती. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्यापायीं तुझं शिकणं बुडालं. जननीस फोन केला. ती म्हणाली, अम्मा, तू सगळ्यांत हात कां घालतीस?"

मी त्यांना खाटेवर बसवलं. म्हटलं, "मामी, शिकणं बुडालं नाही. आणि बुडणार होतं ते माझ्या आळसापायी. पानं नीट धुतली नाहीत मी. आता मला एरंड नको, ताक हवंय. तुमचंच. रोज, सहा आठवडे, एकाच चवीचं. जमेल?"

त्यांनी पदराने डोळे टिपले. "किती आंबट हवं?"

"नेहमीसारखं."

"सेरि. रोज नव्यानं लावीन. तारीख टाकून देऊं का?"

तारीख टाकून! पाच वर्षं मी कार्तिकेयला हेच सांगत आलेय.

१० डिसेंबर

पहिली फेरी संपली. सुब्बा अण्णांची पानं, नीट जंतुनाशकातून काढलेली. एक तृतीयांश पानं नुसती, एक तृतीयांशावर मामींचं ताक, उरलेल्यांवर तेच ताक उकळून. मग सगळ्यांना रोग दिला. चिठ्ठ्या कार्तिकेयने आज फोडल्या. साठ-साठपैकी वाचल्या: नुसत्यात चार, उकळलेल्यात पाच, ताज्या ताकात एकेचाळीस.

एका फेरीवर नाचायचं नाही. दुधाने तोंड पोळलेलं आहे. आजच दुसरी लावली.

मधले चार दिवस पाऊस झोडपत होता, गाड्या बंद. सुब्बा अण्णा तरी पोचले, गोणपाट छातीशी धरून, कमरेपर्यंत भिजलेले. पानं कोरडी.

२८ डिसेंबर

दुसरी फेरी: तीन, चार, अडतीस.

मॅडमनी चष्मा काढला.

प्रकरणाचं नाव बदललं. मोठं काही नाही त्यात. एका जातीची अळी, एक ताक, एक खोली. शेतात काय होतं ते मला माहीत नाही, आणि 'माहीत नाही' असंच लिहिलंय.

३० डिसेंबर

प्रबंध दिला. एक दिवस आधी!

शेवटचं काम राहिलं होतं. जीवाणूचा नमुना आमच्या संग्रहात कायमचा ठेवायचा, त्याचा फॉर्म. त्यात 'मूळ स्रोत' असा रकाना. 'घरगुती ताक, चेन्नई' लिहून मोकळी होणार होते, पण या वर्षात अर्धवट विचारलेल्या प्रश्नांनी माझा पुरेसा घात केलाय. मामींना विचारलं, "तुमचं विरजण कुठलं?"

"आईकडचं. लग्न जाहलं तेव्हां चांदीच्या वाटीत घालून दिली. तंजावरहून गाडींत मांडीवर धरून आणिलें. चव्वेचाळीस वर्षं जाहली. पूर आला त्या सालीं समोरच्यांच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेविलें. एक दिवस तुटूं दिलें नाही."

"आणि त्यांना कुणी दिलं?"

"तिला तिची आई. आणि कोण देणार?"

मी पेन हातात धरून बसले. आईकडून लेकरांना जातो, असं मी जुलैत नाचत लिहिलं होतं.

"जननीला दिलंत?"

"दिली होत्यें. पेरुंगुडीस दही पाकिटांत येतं. ती म्हणाली, अम्मा, कोण रोज लावीत बसेल?" मामी परातीतल्या उडदाच्या डाळीतले खडे वेचू लागल्या. "तिचंही खरं. नोकरी, पोर. माझ्यामागून तुटेल. असो."

"तुमच्या आईचं नाव काय?"

त्यांची बोटं थांबली. "कां ग?"

"नमुन्याला नाव द्यावं लागतं."

"कामाक्षी," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा, हळू, "कामाक्षी. कितीक वर्षांत कुणी विचारलं नाही."

मी त्यांच्यासमोर फॉर्म भरला. स्रोत: कामाक्षी, तंजावर, त्यांच्याकडून विजयलक्ष्मी, पश्चिम मांबलम. नमुन्याचं नाव: कामाक्षी-१. मामींनी चष्मा लावून अक्षरं तपासली.

"हें कुठं ठेवणार?"

"लॅबमधल्या मोठ्या फ्रीजमध्ये. शून्याखाली ऐंशी. तिथे काही मरत नाही, नुसतं झोपून राहतं."

"रोज लावायला लागत नाही?"

"नाही."

"किती वर्षं?"

"पुष्कळ. आपण दोघी नसू तेव्हाही असेल."

मामींनी फॉर्म पुन्हा एकदा वाचला. मग परात बाजूला सारून म्हणाल्या, "तर मग जननीस तूंच सांग. माझं ऐकत नाही ती. म्हणावं, कधी हवंसं वाटलं तर तिथं आहे."

सांगते, म्हटलं.